पंचावन्न टक्क्यांचं कवच

तिसऱ्या लेव्हलचं वेस्ट अंगात असलं की छातीवर बसलेल्या गोळीचा मार 55 टक्क्यांनी कमी होतो. पहिल्या लेव्हलचं 30 टक्के अडवतं, दुसऱ्याचं 40. हे मला नातवानं शिकवलं. बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया हा त्याचा खेळ. सप्टेंबर 2020मध्ये सरकारनं पबजी बंद केला, तोच जुलै 2021मध्ये हे नाव घेऊन परत आला. विमानातून शंभर जण उतरतात, शेवटपर्यंत टिकेल तो जिंकतो. मी रेल्वेत गँगमन होतो. पूर्णा, चुडावा, नांदेड हा माझा मुलूख. आता रिकामा आहे, म्हणून त्याच्याशेजारी बसून बघतो. आवाज बंद ठेवायचा, एवढीच माझी अट.

त्यातल्या बंदुकांशी मला कर्तव्य नाही. लक्ष गेलं ते वेस्टवर, कारण मी लहानपणापासून तिन्हीसांजेला रामरक्षा म्हणतो आणि तीही कवचच आहे. बुधकौशिक ऋषींनी डोक्यापासून पायापर्यंत एकेक अवयव घेतला आहे: कपाळ, डोळे, कान, जीभ, कंठ, हृदय, गुडघे. उघडी जागा ठेवलीच नाही. खेळ बनवणाऱ्यांचा हात मात्र आखडता. हेल्मेट डोक्यापुरतं, वेस्ट धडापुरतं. हातापायाला लागलं तर वेस्टचा काही आधार नाही. गोळ्या झेलता झेलता वेस्टही झिजतं. आणि चहूबाजूंनी आकसत येणारा निळा झोन अंगावर आला तर कसलंच वेस्ट कामाचं नाही.

महाभारतातही हाच हिशेब आहे. जयद्रथवधाच्या दिवशी द्रोणाचार्यांनी दुर्योधनाला मंत्रानं कवच बांधलं. अर्जुनाचे बाण त्यावरून परत फिरले. मग त्यानं दुर्योधनाचे तळहात विंधले, आणि दुर्योधनाला हटावं लागलं.

मग रामरक्षेतलं सगळं अंग झाकणारं कवच कुठं बघायला मिळतं? माझ्यासोबत रुळावर माळकरी माणसं होती, हरिपाठ न चुकवणारी. लागायचं त्यांनाही. एकाचं बोट स्लीपरखाली सापडून गेलं. गावात सगळे म्हणाले, जिवावरचं बोटावर निभावलं, देवानं राखलं. मला तेव्हापासून कोडं आहे: राखायचंच होतं, तर बोट तरी का जाऊ दिलं?

नातवाकडं उत्तर तयार होतं. "आबा, 40चा मार होता, वेस्टमुळं 18च बसला. वेस्ट नसतं तर मेलोच असतो." प्रारब्ध भोगावंच लागतं, भक्तीनं त्याची धार बोथट होते, असं कीर्तनात ऐकतो, ते याहून वेगळं नाही. ऐकायला बरं वाटतं, पण मला पटत नाही. खेळात तो 40चा आकडा खरोखर मोजलेला असतो. आमच्या सोबत्याच्या वाट्याला आलेला 40 कुणी पाहिला? बोट गेलं तरी देवानं राखलं, जीव गेला तरी देवाची इच्छा. अशा हिशेबात देव कधी चुकतच नाही, आणि जो चुकूच शकत नाही त्याचा हिशेब मांडून उपयोग काय?

मला आधार वाटतो तो जनाबाईचा. ती आमच्याच जिल्ह्यातली, गंगाखेडची. चुडाव्याहून परभणी गाठून परळीची गाडी धरली की तिचं गाव. देवाचं पदक चोरल्याचा आळ येऊन तिला सुळावर नेलं आणि सुळाचं पाणी झालं, ही कथा आमच्याकडं पोराटोरांना पाठ आहे. तिथं कवच शंभर टक्क्यांचं. पण सूळ विरघळला तरी जनीचं दासीपण विरघळलं नाही. दळण तेच, कांडण तेच, शेण्या वेचणं तेच. देवानं जात्याचा भार एका टक्क्यानंही कमी केला नाही. तो येऊन खुंट्याला हात लावून तिच्यासोबत दळत बसला. वेस्ट झिजतं तसा तोही तिच्यासाठी झिजला, असं मी समजतो. किती मार अडला, हा प्रश्नच तिथं उरत नाही. रामरक्षा मी आता त्या अर्थानं म्हणतो: गुडघ्याचं नाव घेतलं म्हणजे गुडघा दुखायचा थांबेल असं नाही, दुखताना कुणी सोबत असावं.

गावोगावच्या सप्त्यात कीर्तन करणाऱ्या महाराजांना म्हणून एक विनंती आहे. सुळाची कथा रंगवून सांगा, आम्ही टाळ्या वाजवू. पण त्यानंतर जनी परत कुणाच्या घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी तिनं काय केलं, तेही त्याच दमात सांगा.