अभिमानानंतरचं वाक्य

शाळेतली प्रतिज्ञा आपण निदान दहा वर्षं रोज म्हटलेली असते. देशातल्या समृद्ध परंपरांचा अभिमान आहे, असं सांगणारं त्यातलं वाक्य सगळ्यांना आठवतं. त्याच्या लगेच पुढचं वाक्य पात्रतेचं आहे. त्या परंपरांना शोभेल अशी पात्रता अंगी यावी म्हणून प्रयत्न करण्याचं वचन आपण त्यात देतो. पैडीमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ साली ही प्रतिज्ञा मूळ तेलुगूत लिहिली. तिच्यातला अभिमान आजचा आहे, पात्रता मात्र अजून यायची आहे. मग ती येईपर्यंत आपल्याला अभिमानाचा हक्क आहे का?

प्रश्न हवेत राहू नये म्हणून मोडी लिपीचं उदाहरण घेऊ. कित्येक शतकं मराठीतला रोजचा कारभार मोडीत चालला. पत्रं, हिशेब, वतनाचे कागद, जमिनीची खरेदीखतं, सगळं मोडीत. आधी कागदावर आडवी रेघ मारायची आणि तिच्याखाली बोरू शक्यतो न उचलता भराभर लिहीत जायचं, अशी तिची पद्धत. दोन शब्दांत जागा सोडलेली नसते, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती शाळांत शिकवली जायची. म्हणजे आपल्यातल्या अनेकांच्या पणजोबांना ती येत होती. आज त्यांच्याच हातचा कागद समोर ठेवला, तर तो वर धरायचा की खाली, हेही आपल्याला कळत नाही. भाषा आपलीच, पण आपण तिच्यात निरक्षर.

याच काळात आपला अभिमान मात्र भरपूर वाढलाय. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हा बहुतेकांच्या स्टेटसला रायगड होता. त्यात वाईट काही नाही. पण तो गड ज्यांनी चालवला त्यांचं मन समजून घ्यायचं, तर दगडांइतकीच कागदांची गरज पडते. स्टेटस ठेवायला काही सेकंद लागतात, मोडी वाचायला शिकायला काही महिने. म्हणून विद्यार्थ्यांमध्ये वारशाची जाणीव निर्माण करायची म्हटलं की आपण पहिला मार्ग निवडतो. १८ एप्रिलला घोषवाक्य स्पर्धा, नोव्हेंबरच्या वारसा सप्ताहात प्रभातफेरी. मुलांना काय वाटलं पाहिजे हे आपण सांगतो. काय आलं पाहिजे, हे बहुधा सांगायचं राहून जातं.

यावर एक प्रामाणिक आक्षेप आहे. मी या प्रदेशात जन्मलो हा योगायोग. माझ्या पूर्वजांनी काय लिहून ठेवलं याचं ओझं मी का घ्यावं? परीक्षा आहेत, नोकरीची चिंता आहे, हप्ते आहेत. माझ्या पेशात याचं एक उत्तर रोज मिळतं. कंपनीत रुजू झालं की दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा कोड पदरात पडतो. लिहिणारे केव्हाच सोडून गेलेले असतात. तो मी लिहिला नाही, त्यातल्या चुका माझ्या नाहीत. तरी आज त्यावर लोकांचे व्यवहार चालतात, म्हणून तो समजून घेणं माझं काम ठरतं. त्यावर गर्व करा असं कोणी म्हणत नाही. न वाचता पुसून टाकायची परवानगीही नसते. वारशाशी असलेलं आपलं नातं मला असंच वाटतं. आपण त्याचे कर्ते नाही, पण सध्या तो आपल्या ताब्यात आहे.

आणि वाचायला लागलं, की अभिमान जसाच्या तसा राहत नाही. पेशवेकाळातल्या कागदांत मोहिमा आहेत, तशाच गुलाम स्त्रियांच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत, वेठबिगार आहे, जातीवरून झालेले तंटे आणि शिक्षा आहेत. घराचा वारस वाड्याबरोबर कर्जाचाही वारस असतो, हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. इतिहासाच्या बाबतीत मात्र आपल्याला फक्त वाडा हवा असतो. त्यातलं हवं तेवढंच उचलता येतं, कारण मूळ कागद आपण पाहिलेलाच नसतो. पात्रता म्हणजे मला वाटतं हीच: नकोसं पानही वाचून पुरं करण्याची तयारी.

वि. का. राजवाड्यांनी हे केलं. गावोगाव फिरून, लोकांची दप्तरं धुंडाळून त्यांनी कागद जमवले, ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली काढला आणि पुढे एकूण बावीस खंड प्रसिद्ध केले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालं, तेही त्यांच्याच पुढाकाराने.

आता हे काम यंत्र करेल, असं कोणी म्हणेल. मोडी २०१४ साली युनिकोडमध्ये आली. मोडी कागदाचं देवनागरीत लिप्यंतर करणाऱ्या मॉडेलवर आयआयटी रुडकीच्या संशोधकांनीही काम केलंय. मला याचा आनंद आहे. पण अशा मॉडेलला शिकवायला जाणकारांनी वाचून दिलेली पानं लागतात, आणि त्याने चूक केली तर ती ओळखायलाही जाणकारच लागतो. वाचणारी माणसं संपली, तर यंत्र खरं बोलतंय की खोटं, हे सांगणार कोण?

ही केवळ हौसेची गोष्ट नाही, हे २०२३ साली दिसलं. मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली, जुनी दप्तरं उघडली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. आरक्षणाबद्दल कोणाचं मत काहीही असो. एखाद्या मुलाचा दाखला, म्हणजे पर्यायाने त्याचा प्रवेश, एका जुन्या ओळीवर अडला होता आणि ती वाचू शकणारी माणसं मोजकी होती.

सगळ्यांनी मोडी शिकावी असं माझं म्हणणं नाही. पण प्रत्येक शाळेत वर्षातून एकदा घोषवाक्याऐवजी एक पान द्यावं: गावातलं खरेदीखत, देवळातला शिलालेख, नाहीतर जुन्या विहिरीचा नकाशा. मुलांनी ते वाचायचा प्रयत्न करावा, अडावं, गावातल्या म्हाताऱ्यांना विचारावं. पाच ओळींतली एक जरी लागली, तरी त्या ओळीपुरता अभिमान त्यांचा स्वतःचा असेल. आणि ती ओळ लाज वाटावी अशी निघाली, तर तीही त्यांचीच.