पत्त्यांची जादू आणि खरेपणा

नाताळच्या करमणुकीत किंवा तरुणसंघाच्या मेळाव्यात पुष्कळदा असे घडते की, भजने होतात, संवाद होतात, आणि मग कोणी हुशार तरुण खिशातून पत्त्यांचा जोड काढून पुढे येतो. तो एकाला पान काढावयास सांगतो, ते पाहून परत ठेवावयास लावतो, पत्ते काटवितो, आणि क्षणभर विचारात पडल्यासारखे करून नेमके तेच पान वर काढतो. मुले टाळ्या पिटतात. मोठी माणसे एकमेकांकडे पाहतात. परंतु घरी जाताना कोणी वडील मनुष्य म्हणतो, "देवाच्या मंडळीत हे कशाला?" तरुण उत्तर देतात, "त्यात वाईट ते काय? घटकाभर हसणे झाले." ह्या दोन उद्गारांत एक खरा प्रश्न दडलेला आहे. जो मनुष्य लोकांच्या डोळ्यांदेखत त्यांस चकवितो, तो खोटे बोलतो की काय? आणि बोलत नसेल, तर कोणत्या क्षणी तो खोटे बोलू लागतो?

प्रथम पत्त्यांविषयी. आमच्या वाडवडिलांनी पत्त्यांस घराचा उंबरा ओलांडू दिला नाही, ह्याचे कारण कागदावर छापलेले राजे व राण्या नव्हेत. ज्या खेळापायी बैल विकले गेले, बायकांच्या अंगावरील डागिने उतरले व मुले उपाशी निजली, त्या जुगाराची त्यांस चीड होती. ती चीड योग्य होती व आजही योग्य आहे. ज्या मंडळीत असल्या व्यसनातून नुकताच सुटलेला एखादा बंधू बसलेला असेल, तेथे पत्त्यांचा जोड बाहेर काढणे म्हणजे त्याच्या वाटेत धोंडा ठेवणे होय. दुर्बळ बंधूसाठी जो नियम पौलाने मांसाच्या बाबतीत घालून दिला, तोच येथे लागू आहे. तेथे दोरी, नाणे किंवा रुमाल ह्यांवर काम भागवावे. परंतु बावन्न कागदांच्या अंगी स्वतःचे असे पाप नाही. म्हणून हा मुद्दा येथेच सोडून पुढे जाऊ.

ही जादू होते तरी कशी? दोन सोपी उदाहरणे पुरेत. पहिल्यात, करणारा पत्ते पिसताना सर्वांत खालचे पान हळूच पाहून ठेवतो. समजा, ती इस्पिकची सत्ती आहे. पाहणारा आपले पान जोडाच्या वर ठेवतो. मग जोड काटून खालचा भाग वर ठेवला की ती सत्ती पाहणाऱ्याच्या पानावर नेमकी जाऊन बसते. पुढे एकेक पान उलगडीत गेले असता सत्ती दिसताच करणारा ओळखतो की, ह्याच्या पाठचे पान ते. दुसऱ्या खेळात तर हाताची चलाखीही नाही. केवळ हिशेब आहे. एकवीस पाने तीन उभ्या ओळींत, प्रत्येक ओळीला एकेक पान टाकीत, मांडतात. पाहणाऱ्याने मनात धरलेले पान कोणत्या ओळीत आहे एवढेच तो सांगतो. ती ओळ बाकीच्या दोहोंच्या मध्ये घालून पाने उचलतात व पुन्हा तशीच मांडतात. पहिल्या उचलण्यानंतर ते पान वरून आठवे ते चौदावे ह्यांपैकी असते. दुसऱ्यानंतर दहावे, अकरावे किंवा बारावे असते. तिसऱ्यानंतर ते अकरावेच असते, दुसरे होऊच शकत नाही. ह्यात मंत्र नाही, भूत नाही, आणि मनातले वाचणेही नाही.

तर मग ही लबाडी होय की काय? जे जे लपविले ते ते खोटे, असे म्हणता येत नाही. हुमाण घालणारी आजी उत्तर लपवून ठेवते, म्हणून तिला कोणी लबाड म्हणत नाही. शमशोनाने आपल्या लग्नाच्या मेजवानीत पलिष्ट्यांस कोडे घातले, ही गोष्ट शास्त्यांच्या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात आहे. त्या कोड्यातून पुढे अनर्थ झाला खरा. पण तो दोष कोड्याचा नव्हे, तर तीस वस्त्रांच्या पैजेचा व दोन्ही बाजूंच्या रागालोभाचा. आपल्या शब्दावर भरवसा ठेवून जो आपल्यापाशी येतो, त्याच्या मनात जाणूनबुजून असत्य पेरणे, ह्याला खोटे बोलणे म्हणतात. पत्त्यांचा खेळ पाहणारा मनुष्य असा भरवसा ठेवून बसलेला नसतो. तो जणू म्हणतो, "मला चकवून दाखीव पाहू." हा उघड करार असतो, आणि ज्याला आपण चकविले जाणार हे ठाऊक आहे, त्याची फसवणूक झाली असे कसे म्हणावे? पत्त्यांची जादू म्हणजे हातांनी घातलेले हुमाणच होय.

कोणी म्हणेल, "पण तो तोंडाने बोलतो ना, की तुमच्या मनातले मी ओळखतो? ते तर असत्यच." ह्याचे उत्तर नाताळच्या नाटकातच आहे. जो मुलगा हेरोद होतो, तो रागाने ओरडून मागी लोकांस खोटे सांगतो; तरी त्या मुलाने असत्य भाषण केले असे कोणी समजत नाही. मात्र नाटक संपताच तो कागदी मुकुट उतरवितो. तोच मुलगा दुसऱ्या दिवशी मुकुट घालून शेजाऱ्यांकडे कर मागू लागला, तर ते नाटक राहणार नाही. जादू करणाराचेही असेच आहे. त्याच्या डोक्यावरही एक कागदी मुकुट असतो, आणि तो वेळेवर उतरविला जातो की नाही, ह्यावर सर्व काही अवलंबून आहे.

एकच हात, एकच चलाखी, परंतु दोन निराळी कामे, हे पाहावयाचे असेल तर जत्रेत तीन पाने मांडून बसलेल्या मनुष्याकडे पाहावे. तो तीन पाने उलटी टाकतो व "राणी कोठे आहे, दाखवा" म्हणतो. गर्दीतला एकजण पैसे लावून जिंकतो. तो त्याचाच साथीदार असतो. मग बाजारासाठी आलेला भोळा शेतकरी बियाण्याचे पैसे लावतो व हरतो. दोन पानांपैकी खालचे पडले असे भासवून वरचे टाकणे, एवढीच ती युक्ती. हीच युक्ती दुसरा एखादा मुलांना हसविण्यासाठी करतो. १९०२ साली अमेरिकेत एस. डब्ल्यू. अर्डनेस ह्या टोपण नावाने एक पुस्तक निघाले. त्याच्या पहिल्या भागात जुगाऱ्याच्या युक्त्या व दुसऱ्यात करमणुकीची जादू शिकविली आहे, आणि जादू करणारे आजही ते अभ्यासितात. हाताला दोन्ही विद्या सारख्याच. भेद हातात नाही, हेतूत आहे. आणि पाहणाऱ्याला काय समजू दिले, ह्यात आहे.

हा भेद पवित्र शास्त्रात दोन प्रसंगांनी फार स्पष्ट झाला आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात शोमरोनाचा शिमोन आहे. त्याची विद्या कोणत्या प्रकारची होती, हे तेथे सांगितलेले नाही; सांगितले आहे ते इतके की, मी कोणी मोठा आहे असे तो म्हणवीत असे, आणि लहानथोर सर्व लोक त्याच्या ठायी देवाचे सामर्थ्य आहे असे समजत, व तो त्यांस समजू देत असे. चौदाव्या अध्यायात पौल व बर्णबा लुस्त्र नगरात आहेत. तेथे तर जन्माचा पांगळा खरोखरच बरा झाला, आणि लोक बैल व माळा घेऊन प्रेषितांपुढे यज्ञ करावयास निघाले. तेव्हा त्या दोघांनी आपली वस्त्रे फाडिली, गर्दीत धाव घेतली, आणि आपणही तुमच्यासारखीच माणसे आहोत असे ओरडून सांगितले. खरे आश्चर्यकर्म हातून घडले असताही ज्यांनी खोटा मान घेतला नाही, त्यांच्या नावाने चालणाऱ्या मंडळीत खोट्या आश्चर्यावर खरा मान कोणी कसा घ्यावा?

येथून आमचा नियम निघतो. जादूची रीत सांगणे हे करणाऱ्यावर कर्तव्य नाही. सुताराने आपल्या कसबाची सर्व गुपिते प्रत्येकास सांगितलीच पाहिजेत असे नाही. परंतु रीत आहे, आणि ती माणसाची आहे, ही गोष्ट सांगणे त्याच्यावर कर्तव्य आहे. हुमाणाचे उत्तर राखून ठेवावे. ते हुमाण आहे, हे राखून ठेवू नये.

आणि हे एकदा सांगून भागत नाही. हॅरी हौडिनी हा अमेरिकेतील प्रसिद्ध जादूगार आरंभी पत्त्यांच्या खेळांसाठी नावाजलेला होता. आपण करतो ती मनुष्याची कला आहे, असे तो उघड म्हणे, आणि मेलेल्यांशी बोलण्याचे ढोंग करणाऱ्यांची लबाडी त्याने आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत चव्हाट्यावर आणिली. १९२६ साली अमेरिकेच्या काँग्रेसच्या समितीपुढेही त्याने भविष्य सांगणाऱ्यांविरुद्ध साक्ष दिली. तरी त्याचा एके काळचा स्नेही आर्थर कॉनन डॉयल, जो स्वतः वैद्य होता व ज्याने शेरलॉक होम्सच्या चतुराईच्या कथा लिहिल्या, तो अखेरपर्यंत म्हणत राहिला की हौडिनीच्या अंगी काही अलौकिक शक्ती होती. तेव्हा भुलणारे लोक खेड्यांतलेच असतात, असे कोणी समजू नये. मनुष्याच्या मनाला आश्चर्याची भूक असते, आणि नको म्हटले तरी ते आश्चर्य करणाऱ्याला मोठे करू पाहते.

आमच्या खेड्यांत ही भूक कोठवर नेते, ते पाहा. समजा, एका शाळामास्तराने रात्री पत्त्यांचा खेळ केला व मनात धरलेले पान ओळखले. सकाळी शेजारची म्हातारी त्याच्या दारी येते व म्हणते, "मास्तर, रात्री तुम्ही मनातलं ओळखलंत. माझी नथ गेली आहे हो. माझा संशय धाकट्या सुनेवर आहे. एक पान काढा आणि सांगा, तिनेच घेतली ना?" आता मास्तर काय करील? तो हसून "बघू, आजी" म्हणाला, तरी म्हातारीच्या मनात मास्तराला कळले असे ठसेल. त्याने थट्टेने एखादे पान काढले व त्यावर राणी निघाली, तर एक निरपराध मुलगी त्या घरात जन्मभर चोर ठरेल. पत्त्याच्या एका पानाने एका बाईचे नाव जाईल. ह्या ठिकाणी रीत राखून ठेवणे हे पाप होय. मास्तराने आजीला ओट्यावर बसवावे, पत्ते काढावे, आणि म्हणावे, "आजी, हे खालचं पान मी आधी पाहून ठेवलं होतं, एवढंच. तुमच्या नथीचं मला काही ठाऊक नाही, आणि सुनेचंही नाही." त्याचा खेळ त्या दिवशी बिघडेल; पण बिघडू द्यावा.

ज्यांनी अशा प्रसंगी रीत उघड केली, त्यांचा इतिहास मानास पात्र आहे. इंग्लंडात केंट परगण्यातील रेजिनाल्ड स्कॉट ह्याने १५८४ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. चेटकिणी म्हणून गरीब, म्हाताऱ्या बायांस फाशी देत, ते पाहून त्याचे मन पेटले होते. लोक ज्याला सैतानाचे सामर्थ्य म्हणतात, त्यातले पुष्कळसे केवळ हाताचे कसब आहे, हे दाखविण्यासाठी त्याने नाणी, गोळ्या व पत्ते ह्यांच्या युक्त्या उकलून लिहिल्या. जादूची रीत इंग्रजीत सविस्तर छापली गेली, ती बहुतेक प्रथम ह्या दयेच्या कामासाठी. आमच्या प्रांतात डॉ. नरेंद्र दाभोलकर ह्यांनी १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापिली. तिचे कार्यकर्ते गावोगाव बुवांचे चमत्कार स्वतः करून दाखवितात, आणि मग त्यांची रीत सांगतात. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. दाभोलकरांचा खून झाला, व त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला; चमत्काराचे प्रदर्शन करून पैसा मिळविणे व लोकांस फसविणे हा त्याने गुन्हा ठरविला. धर्माविषयी ह्या मंडळींची मते व आमची मते सर्वत्र जुळणार नाहीत. परंतु भोळ्याला लुटू न देणे, हे काम ज्याच्या हातून होते, त्याचे आभार मानण्यास आम्हांस संकोच वाटू नये.

एक शेवटची गोष्ट पाळकांस व रविवारच्या शाळेच्या शिक्षकांस सांगावयाची आहे. जादूच्या साधनांनी धर्माचे धडे शिकविण्याची पद्धत नवी नाही. फिलाडेल्फियाचे पाळक सी. एच. वूल्स्टन ह्यांनी १९१० साली ह्या विषयावर पुस्तक लिहिले. दृष्टान्त म्हणून ती चालेल. पापाचा डाग पुसला जातो हे रुमालाने दाखविले, तर मूल ते चित्र म्हणून घेते. परंतु शिक्षकाने मुलाचे पान ओळखावे आणि लगेच म्हणावे, "पाहा, असाच देव तुझे हृदय ओळखतो," हे आम्हांस धोक्याचे वाटते. दोन वर्षांनी तेच मूल मोठ्या भावाकडून खालच्या पानाची युक्ती शिकेल. त्या दिवशी त्याच्या मनात केवळ शिक्षकच लहान होणार नाही; देवही कोठेतरी खालचे पान पाहून ठेवीत असेल, असा संशय तेथे उगवेल. आणि कानामधल्या द्राक्षारसाविषयी व कबरेतून उठलेल्या प्रभूविषयीही ते मूल हाच प्रश्न करील. आमचा विश्वास अशा साक्षीदारांवर उभा आहे, ज्यांनी आपण पाहिले ते सांगितले व त्यासाठी मरण सोसले. त्या साक्षीशेजारी पत्त्यांचा जोड ठेवण्याची तिला गरज नाही.

म्हणून तरुण बंधूंनो, खेळ करा, मुलांना हसवा. हसणे ही देवाची देणगी आहे. पैसा लावून करू नका. कोणाची फजिती करून करू नका. आरंभी सांगा की ही हाताची कला आहे, आणि शेवटी पुन्हा सांगा. उपासनेत तो जोड आणू नका. आणि कोणी भाबडेपणाने तुमच्या पायाशी आपले दुःख घेऊन आला, तर त्या क्षणी खेळ मोडा व आपल्या युक्तीची चिंता करू नका. मग त्याला सांत्वनासाठी कोणाकडे जावयाचे, हे तुम्हांस मोकळ्या तोंडाने सांगता येईल.