अमानत आणि नक्कल

आमचा जुना संगणक २०१२ साली घेतलेला. त्यावर विंडोज सेव्हन होते. कंपनीने १४ जानेवारी २०२० नंतर त्याची देखभाल थांबवली, तरी आम्ही तो चालवीत राहिलो, कारण आमचे उर्दूचे सारे काम त्यातल्या जुन्या इनपेजमध्ये होते. शेवटी तो सुरू होतानाच कण्हू लागला, तेव्हा आम्ही लॅपटॉप घेतला. दुकानदार म्हणाला, "सर, जुना पण घेऊन या, सगळा डाटा टाकून देतो. अर्ध्या तासाचं काम." आम्ही नको म्हणालो आणि घरी बसून ते काम स्वतः केले. अर्ध्या तासाचे ते काम आम्हांला सव्वा महिना पुरले.

त्याचे कारण यंत्रात नव्हते. पिंपरी पेंढारसारख्या गावात उर्दू टाइप करणारा माणूस शोधून सापडत नाही. त्यामुळे लोक आमच्याकडे येत. कुणाला निकाहची पत्रिका हवी, कुणाला मीलादचे पत्रक, कुणाला जमातीचा हिशेब. मराठी अर्जही आम्हीच करून देत असू, ते कृतिदेवमध्ये. पण पत्रिका आणि अर्ज यांच्या आडून हळूहळू पत्रेही येऊ लागली. एका बापाने जावयाला लिहिलेले पत्र, एका बहिणीने भावाकडे मागितलेला वाटा, एका माणसाने लिहवून घेतलेला आणि दुसऱ्या दिवशी येऊन फाडलेला तलाकनामा. कागद त्याने फाडला. फाईल आमच्याकडे राहिली. ती राहिली आहे हे त्याला ठाऊक नव्हते आणि खरे सांगायचे तर आम्हीही विसरलो होतो.

नव्या यंत्रावर फाईल नेणे सोपे असते. इतके सोपे की काय नेतो आहोत याचा विचारच करावा लागत नाही. सगळे निवडायचे, कॉपी करायचे, झाले. पूर्वी घर बदलताना प्रत्येक ट्रंक उचलावी लागे, म्हणून ती उघडून पाहावी लागे. येथे वजनच नाही. मग जे आपले नाही तेही आपल्याबरोबर येते.

निवडून न्यावे म्हटले, तर दुसरी अडचण. निवडायला फाईल उघडावी लागते, आणि उघडली की वाचली जाते. सूरह हुजुरातमध्ये दुसऱ्याच्या गुपितांचा माग काढण्याची मनाई आहे, हे आम्ही वर्गात मुलांना शिकवतो. त्या माणसांनी ती पत्रे आम्हांला एकदा ऐकवली होती, लिहिण्यापुरती. दहा वर्षांनी ती पुन्हा वाचायची परवानगी त्यांनी दिली होती काय? न वाचता ठेवावे तर आपण काय सांभाळतो आहोत ते कळत नाही. न वाचता पुसावे तर कुणाचे काय पुसले तेही कळत नाही.

पुसणे हा शब्दही फसवा आहे. जुन्या चकतीच्या हार्डडिस्कवर फाईल डिलीट केली, तर आधी फक्त तिचे यादीतले नाव जाते. मजकूर तसाच पडून राहतो, त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत. म्हणजे आम्ही तो संगणक भंगारात दिला असता, तर फाडलेला तलाकनामा जाणत्या माणसाच्या हाती अख्खा लागू शकला असता. दुकानदाराला नको म्हणालो ते यासाठी.

आता याची उलटी बाजू. लॅपटॉपवर आलेल्या उर्दू फायली उघडेनात. त्या जुन्या इनपेजने प्रत्येक अक्षराला स्वतःचे आकडे दिलेले, युनिकोडचे नव्हेत. तो प्रोग्राम नसेल तर पडद्यावर नुसता चिखल. कृतिदेवचे तसेच. तो फाँट नसेल तर मराठी अर्जाच्या जागी इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग दिसते. एकही अक्षर हरवलेले नसते आणि एकही वाचता येत नाही.

हे आपल्या तालुक्याला नवे नाही. जुन्नर शहरातले कागदी मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या हातकागद बनवीत, आणि तो जुन्नरी कागद पेशव्यांच्या दप्तरापर्यंत जाई. त्या दप्तरातले लाखो कागद आजही पुण्यात आहेत. कागद टिकला, शाई टिकली, मोडी वाचणारे मात्र बोटांवर मोजण्याइतके उरले. आमच्या बिरादरीच्या हातांनी केलेली वस्तू शाबूत आहे आणि तिच्यावरचा शब्द मुका झाला आहे. त्याच हातकागदाच्या धंद्यात लिहिलेले जुने कागद भिजवून, कुटून त्यांचा नवा कागद करण्याचीही रीत होती. कुणाकुणाचे करार आणि कर्जे त्या लगद्यात गेली असतील! त्या पुसण्याला कुणी बेइमानी म्हटले नाही.

नक्कल आणि मूळ प्रत यांचा विचार करताना आम्हांला हजरत उस्मान (रजि.) यांच्या काळातली गोष्ट आठवते. कुराणच्या प्रती करवताना त्यांनी हजरत हफ्सा (रजि.) यांच्याजवळची पाने मागून घेतली. हजरत जैद बिन साबित आणि त्यांच्या सोबत्यांनी त्यावरून प्रती केल्या, त्या शहरोशहरी गेल्या, आणि इतर लिखाण जाळण्याचा हुकूम झाला. आपल्याकडे या जाळण्याची चर्चा पुष्कळ होते. पण त्याआधीचे एक काम झाले होते. मागून आणलेली पाने हजरत हफ्सांना परत केली गेली. सत्ता हाती असलेल्या खलिफाने मालकाला विचारून घेतले आणि काम होताच परत दिले. इतक्या थोर गोष्टीशी आमच्या चार फायलींची तुलना करण्याची गुस्ताखी आम्ही करीत नाही. पण रीत तेथून घ्यायला हरकत नसावी.

म्हणून आम्ही ठरवले की ज्याची फाईल त्याला विचारायचे. बरेच जण हसले. "सर, ते अजून ठेवलंय तुम्ही?" म्हणाले आणि पुसायला सांगितले. तलाकनाम्यावाला गप्प झाला, मग म्हणाला, "माझ्यासमोर पुसा." त्याच्यासमोर पुसले, आणि ती जागा दुसऱ्या मजकुराने भरून दाखवली. त्याची बायको तेव्हा आत चहा करीत होती.

एक फाईल मात्र अशी होती, जिचा मालक विचारायला उरला नव्हता.

गावातले एक चाचा २०१४ च्या थंडीत आले होते. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून सख्ख्या भावाशी त्यांचे अकरा वर्षे बोलणे बंद होते. त्यांनी भावाला माफीचे पत्र लिहवून घेतले. ते बोलत होते आपल्या घरच्या दखनीत, आम्ही लिहीत होतो शुद्ध उर्दूत, नुकते बी.एड. झालेलो, भाषेची हौस दांडगी. पत्र संपल्यावर ते म्हणाले, "अब्बी नको छाप. मैं बोलूंगा तब छाप." ते पुन्हा बोलले नाहीत. २०१७ मध्ये त्यांचा इंतकाल झाला. भाऊ हयात आहे.

छापून भावाला द्यावे, तर शर्त मोडते. पुसावे, तर त्या भावापर्यंत ती माफी कधीच पोहोचणार नाही, आणि त्याचे कारण आम्ही असू. अमानत तिच्या हकदाराला पोहोचवा असा हुकूम आहे, पण हकदार कोण? ज्याने शब्द उच्चारले तो, की ज्याच्यासाठी उच्चारले तो? आम्ही एका आलिमांना नाव न घेता विचारले. ते म्हणाले, आधी वारसाला विचारा. वारसा जमिनीचा असतो, न दिलेल्या माफीचा असतो की नाही, हे आम्हांला उमगले नाही. तरीही दुसरा रस्ता नव्हता.

जुन्या संगणकाने शेवटची मेहरबानी केली. तो सुरू झाला, इनपेज उघडले, आम्ही त्या पत्राचा प्रिंट काढला. चाचांचा मुलगा ओतूरच्या बाजारात कांदा घालून परतताना आमच्याकडे थांबला. तो मराठी शाळेत शिकलेला, उर्दू वाचता येत नाही. "तुम्हीच वाचा," म्हणाला. आम्ही वाचू लागलो. दोन-तीन ओळी झाल्यावर त्याने हात वर केला.

"सर, हे अब्बांचे शब्द आहेत की तुमचे?"

आम्ही खरे ते सांगितले. बात त्यांची, भाषा आमची.

"मग अब्बा कसं बोलले ते सांगा ना."

फाईल टिकवायला आम्ही सव्वा महिना घालवला होता, आणि त्यात तेच नव्हते. आम्ही डोळे मिटून त्या संध्याकाळची याद करीत बसलो. शाल आठवली, त्यांचा खोकला आठवला. फार वेळाने एक वाक्य आठवले: "भाई कू बोल, पानी तेरा, गलती मेरी." बाकी काही आठवले नाही.

तो बराच वेळ खाली बघत राहिला. मग म्हणाला, "फाईल राहू द्या तुमच्याकडे. चाचांकडे मी जाऊन येतो." प्रिंट त्याने घेतला नाही. चप्पल घालताना पायरीवर थांबून त्याने ते वाक्य आमच्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतले.