नमस्काराची फेड

वारकरी भेटला की आपण त्याच्या पाया पडतो आणि तोही आपल्या पडतो. वडील कोण, धाकटा कोण, कोणी पुसत नाही. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात देव-मनुष्यांनी एकमेकांस पोसावे असे सांगितले. न देता खाणारास भगवंतांनी चोरच म्हटले आहे. याच मापाने आपला हिशेब पाहा ना, महाराज! महाद्वारापाशी चोखोबांच्या समाधीस आपण माथा टेकीत आलो. त्यांच्या भाईबंदांस मंदिर उघडले ते १९४७ साली, साने गुरुजी उपोषणास बसले तेव्हा. सहाशे वर्षांची थकबाकी! आणि दिंडीत ज्याच्या पाया पडले, तोच गावी दारात आला तर त्याला ओट्यावर बसवून निराळ्या कपात चहा देणारे माळकरी मी पाहिले आहेत. वारीत त्याच्याकडून घेतलेला नमस्कार त्यांनी ठेवला तरी कुठे?