जोडलेले हात, उघडलेले हात



आज प्रवचनाची सुरुवात मी माझ्याच एका चुकीने करणार आहे.

काही आठवड्यांपूर्वी रात्री नऊच्या सुमारास मी रविवारच्या प्रवचनाची तयारी करीत बसलो होतो. विषय होता चांगल्या शोमरोनी माणसाचा दाखला. यरुशलेमहून यरीहोला जाणारा रस्ता सुमारे २७ किलोमीटरचा आहे, तो जवळजवळ एक हजार मीटर खाली उतरतो, याजक आणि लेवी का थांबले नसावेत यावर भाष्यकारांची वेगवेगळी मते आहेत, हे सगळे मी मोबाईलवर वाचत होतो. तेवढ्यात आपल्या धर्मग्रामाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप आला. आपल्याच एका कुटुंबातील आजोबा रुग्णालयात होते आणि रात्रीतून बी पॉझिटिव्ह रक्त हवे होते. मी जोडलेल्या हातांचे चित्र पाठवले, त्यांच्यासाठी एक छोटी प्रार्थना केली आणि पुन्हा यरीहोच्या रस्त्याकडे वळलो.

माझा रक्तगट बी पॉझिटिव्ह आहे. रुग्णालय तीन किलोमीटरवर होते.

पहाटे रक्त मिळाले. शेजारच्या खाटेवरील रुग्णाच्या भावाने ते दिले. तो आपल्या धर्माचा नव्हता, आजोबांच्या ओळखीचाही नव्हता. आजोबा आता घरी आले आहेत. त्यानंतरच्या रविवारी मिस्सा संपल्यावर त्यांची मुलगी मला भेटली. ती रागावली नव्हती. एवढेच म्हणाली, "फादर, त्या रात्री मी सारखी मोबाईल उघडून बघत होते. एकतीस जणांनी हात जोडले होते."

त्या एकतीस जणांत मी होतो. कदाचित तुमच्यापैकीही काही जण असतील.

प्रिय जनहो, आपण दुष्ट नाही. आपल्याला खूप माहिती आहे, एवढेच. सकाळी डोळे उघडल्यापासून मणिपूर, युक्रेन, गाझा इथली दुःखे आपल्या उशाशी येतात. त्यांच्यामागोमाग संतांची वचने, प्रवचने आणि भक्तिगीते येतात. प्रत्येकासाठी आपण एक उसासा टाकतो आणि बोट पुढे सरकवतो. असे करता करता उसासा टाकणे हेच आपले काम होऊन बसते. मग एखाद्या दिवशी दार खरोखर वाजते, तेव्हाही आपण उसासाच टाकतो.

त्या रात्री मी जो दाखला वाचत होतो, तो प्रभू येशूने कोणाला सांगितला हे आठवून पाहा. प्रश्न विचारणारा माणूस शास्त्री होता. देवावर आणि शेजाऱ्यावर प्रीती करावी ही आज्ञा त्याला मुखोद्गत होती. त्याने प्रश्नही अभ्यासकाचाच विचारला : माझा शेजारी कोण? प्रभूने त्याला व्याख्या दिली नाही. जखमी माणसाची गोष्ट सांगितली आणि शेवटी त्याला जाऊन तसेच करायला सांगितले. त्या शास्त्र्याला आणखी माहिती नको होती. जे ठाऊक होते ते करायचे बाकी होते.

म्हणजे वाचन, मनन, अभ्यास सोडून द्यायचा का? तसेही नाही. संत लूक याने या दाखल्याला लागूनच मार्था आणि मरिया यांची हकीगत ठेवली आहे. मार्था कामात बुडाली होती, मरिया प्रभूच्या पायाशी बसून ऐकत होती, आणि प्रभूने मरियेची निवड चांगली ठरवली. शास्त्री जाणत होता पण करीत नव्हता; मार्था करीत होती पण तिला ऐकायला सवड नव्हती. प्रभूने दोघांनाही सुधारले. म्हणूनच ख्रिस्तसभा धर्मगुरू होऊ इच्छिणाऱ्या तरुणाकडून दोन वर्षे तत्त्वज्ञान आणि चार वर्षे ईशज्ञान शिकून घेते. विचार न करता धावणारा चुकीच्या दिशेनेही धावू शकतो. मात्र शिकलेले हातापर्यंत पोहोचले नाही, तर ते अर्धेच राहते.

१९७७ साली स्थापन झालेल्या आपल्या औरंगाबाद धर्मप्रांताच्या कॅथेड्रलला ज्यांचे नाव आहे, ते संत फ्रान्सिस डी सेल्स मोठे विद्वान होते. पादुआ विद्यापीठात ते कायदा आणि ईशज्ञान शिकले. १५९४ साली ते शाब्ले प्रांतात गेले, तेव्हा त्यांचे प्रवचन ऐकायला फारसे कोणी येईना. त्यांनी हार मानली नाही. ते छोटी पत्रके लिहीत आणि लोकांच्या दारांखालून आत सरकवीत. आज आपल्याकडे येणाऱ्या निरोपांसारखीच ती होती, पण एक फरक होता. पत्रक सरकवणारा माणूस स्वतः पायी त्या दारापर्यंत गेलेला असे. १९२३ साली ख्रिस्तसभेने त्यांना पत्रकारांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले.

पुढे ते बिशप झाले, तेव्हा मार्टिन नावाचा एक ऐकू-बोलू न शकणारा माणूस त्यांच्याकडे आला. बिशपमहाराजांनी त्याला हातांच्या खुणांनी धर्मशिक्षण दिले, म्हणजे त्यालाही पवित्र कम्युनियन घेता यावे. एवढे मोठे पांडित्य एका माणसासाठी हाताच्या बोटांत उतरले. १८७७ साली ख्रिस्तसभेने ज्यांना आचार्यपद दिले, त्यांचे हे मोठेपण.

आपल्या मातीतही हा धडा आहे. पैठण येथून सुमारे पन्नास किलोमीटरवर आहे. तिथल्या संत एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीच्या अनेक प्रती ताडून तिची शुद्ध प्रत तयार केली. हे किती चिकाटीचे काम! त्याच एकनाथांनी रामेश्वरासाठी कावडीत आणलेले गंगाजल तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजले, असे परंपरा सांगते. पोथीतील एकेक अक्षर पारखणाऱ्या डोळ्यांना वाटेवरचे गाढवही दिसले.

आता या आठवड्यासाठी तीन साध्या गोष्टी. सकाळी मोबाईल उघडण्यापूर्वी दहा मिनिटे शुभवर्तमानाचा एकच उतारा वाचा आणि शांत बसा. दुसरे, कोणताही निरोप पुढे पाठवण्याआधी स्वतःला विचारा : यातले काही मी स्वतः करू शकतो का? तिसरे, दूरच्या दुःखांसाठी प्रार्थना जरूर करा, पण आठवड्यातून एकदा आपल्या गल्लीतील एका आजाऱ्याच्या किंवा एकट्या राहणाऱ्या माणसाच्या दारापर्यंत चालत जा.

वेदीमागच्या खोलीत आजपासून एक वही ठेवली आहे. रक्त देण्यास तयार असणाऱ्यांनी तीत आपले नाव, रक्तगट आणि फोन नंबर लिहावा. रात्री गरज पडली तर फोन येईल. पहिले नाव मी लिहिले आहे.

हे प्रभू, तुझ्या पायाशी बसायला आम्हांला शिकव, आणि तू उठवशील तेव्हा उठायलाही शिकव. जोडलेले आमचे हात गरजवंतासाठी उघडू देत. आमेन.