‘आत्ताच टाइट केलीय’

मोटारसायकलचं हँडल ढिलं झालं की लगेच हातात येत नाही. आधी नुसती शंका येते. खड्ड्यातून गेल्यावर मुठी मघापेक्षा किंचित खाली आहेत असं वाटतं. मग एकदा जोरात ब्रेक दाबला की अंगाचा सगळा भार पुढे हातांवर येतो आणि हँडलचा दांडा क्लॅम्पमध्ये थोडा फिरतो. त्याच्यासोबत ब्रेकचा लिव्हरही खाली वळतो. म्हणजे ज्या क्षणी ब्रेक सगळ्यात जास्त हवा असतो, त्याच क्षणी तो बोटांना सवयीच्या जागी सापडत नाही.

आमची गाडी अकरा वर्षांची आहे. गाव अंबड तालुक्यात. आरसी बुकात नाव वडिलांचं, पण गाडी खरं तर भावकीची. खताच्या गोण्या, दुधाचे कॅन, मोसंबीची रोपं, परीक्षेला निघालेली पोरं, दोघांच्या मध्ये बसवलेला पेशंट, असं सगळं तिने वाहिलंय. चावी दाराशेजारच्या खिळ्याला असते. मागणारा ‘गाडी नेऊ का?’ असं विचारत नाही, ‘पेट्रोल आहे का?’ असं विचारतो.

दिवाळीला पुण्याहून घरी गेलो तेव्हा हँडल फिरतंय हे माझ्या लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी अंगणात पाने घेऊन बसलो. दांड्याला धरणारे दोन क्लॅम्प, प्रत्येकाला दोन बोल्ट. उघडून पाहिलं तर क्लॅम्प जिथे दांड्याला धरतो तिथली खरखर झिजून पार गुळगुळीत झालेली. नुसतं आवळून भागणार नव्हतं, मध्ये काहीतरी पातळ भरायला हवं होतं. कोल्ड्रिंकचा रिकामा कॅन कात्रीने कापला, पट्ट्या काढल्या, कडा घासल्या, दांड्याभोवती गुंडाळल्या आणि वरून क्लॅम्प बसवले. अॅल्युमिनियम मऊ असतं, दाबलं की फटीत बरोबर बसतं.

तीन बोल्ट छान आवळले गेले. चौथा आवळतच राहिला, कारण त्याचे आटे गेले होते. आधी कुणीतरी गरजेपेक्षा जास्त जोर लावला असणार. पोलादाचा बोल्ट मऊ धातूच्या भोकात पिळत राहिलं की हरतं ते भोक. मी तो बोल्ट हाताने बसेल तेवढा बसवला. पुढचं चाक भिंतीला टेकवून हँडलवर ओणवा झालो, पूर्ण वजन टाकलं. हललं नाही. फोटो काढला. काळ्या क्लॅम्पखाली चमकणारी चांदीसारखी रेघ. स्टेटसला टाकला, वर लिहिलं, ‘मराठवाडा इंजिनिअरिंग’. चौथा बोल्ट फोटोत दिसत नव्हता. तो दिसणार नाही अशा बाजूनेच मी फोटो काढला होता, हे आता कबूल करतो.

ही पट्टी माझ्या डोक्यातून आलेली नव्हती. रॉबर्ट पर्सिगच्या ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’ या १९७४च्या पुस्तकात नेमका हाच प्रसंग आहे. निवेदकाच्या मित्राची, जॉनची, महागडी बीएमडब्ल्यू आहे आणि तिचं हँडल सरकतंय. निवेदक म्हणतो, बिअरचा कॅन कापून पट्टी घालू. जॉनला ते अपमानास्पद वाटतं. एवढ्या भारी गाडीला बिअरचा डबा! निवेदकाच्या दृष्टीने मात्र ती पट्टी म्हणजे पट्टी, ती डब्यातून आली की कारखान्यातून याने काय फरक पडतो? पुढे तो गमतीने असाही विचार करतो की डब्याचं नाव न काढता उंची जर्मन पत्रा म्हणून खपवलं असतं तर जॉनने आनंदाने घातलं असतं.

हे वाचताना मी पूर्ण पर्सिगच्या बाजूने होतो. (हा माणूस काही काळ बनारसच्या विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकायला होता, त्यामुळे आपल्याकडचा असल्यासारखाही वाटतो.) पण त्या गमतीत एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली होती. जॉनची गाडी जॉन चालवणार होता. पट्टीत काय आहे हे त्याला सांगायचं की नाही, हे निवेदक ठरवू पाहत होता.

त्याच रात्री साडेदहाला थोरला चुलतभाऊ दारात आला. मागे वहिनी, तिच्या खांद्यावर चादरीत गुंडाळलेलं दोन वर्षांचं पोरगं. दादाची स्वतःची गाडी हप्ते थकले म्हणून वर्षापूर्वीच गेलेली.

“ताप उतरंना लेकराचा. अंबडला न्यावं लागंल. गाडी बरी हाय ना?”

मी म्हणालो, “हो दादा. आत्ताच टाइट केलीय.”

या वाक्यातला एकही शब्द खोटा नव्हता. दादाने चावी घेतली. तिघं गेले, पहाटे दोनला परत आले. पोराला इंजेक्शन मिळालं, ताप उतरला. काही झालं नाही.

आता प्रश्न असा की काहीच झालं नाही तर माझं चुकलं काय?

विल्यम क्लिफर्ड नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १८७७ साली श्रद्धेच्या नीतीवर एक निबंध लिहिला. त्याची सुरुवात एका जहाजमालकापासून होते. जहाज जुनं आहे, दुरुस्त्या झालेल्या आहेत, परदेशी स्थायिक व्हायला निघालेली कुटुंबं त्यातून जाणार आहेत. मालकाला शंका येते, मग तो स्वतःची समजूत घालतो. इतक्या फेऱ्या सुखरूप झाल्या, ही पण होईल. हळूहळू त्याला ते मनापासून खरं वाटू लागतं. जहाज बुडतं. क्लिफर्ड म्हणतो, विश्वास प्रामाणिक असला तरी तो दोषीच, कारण तो विश्वास त्याने तपासून कमावलेला नव्हता, शंका दाबून मिळवलेला होता. पुढचा भाग जास्त टोचतो. समजा जहाज बुडालंच नाही, तर? तरी दोष तेवढाच. निकाल कळायला वेळ लागतो, पण चूक निघतानाच झालेली असते. क्लिफर्ड हे हवेत बोलत नव्हता. १८७० साली सूर्यग्रहण पाहायला इटलीकडे गेलेला असताना सिसिलीजवळ जहाज फुटून तो स्वतः वाचला होता.

उलट बाजूने, टॉमस नेगेल आणि बर्नर्ड विल्यम्स यांनी १९७६ साली नैतिक नशिबाची चर्चा सुरू केली. नेगेलचं एक उदाहरण ट्रक ड्रायव्हरचं आहे. त्याने ब्रेक तपासून घेतलेले नाहीत. रस्त्यात पोर आडवं आलं तर तो आयुष्यभर स्वतःला माफ करणार नाही. आलं नाही तर त्याला ब्रेक आठवणारही नाहीत. निष्काळजीपणा दोन्हीकडे सारखाच. मी हा दुसऱ्या प्रकारचा ड्रायव्हर होतो. फरक इतकाच की मला तो चौथा बोल्ट आठवत राहिला.

तुम्ही म्हणाल, सांगून टाकायचं ना! ‘दादा, एक बोल्ट फिरतोय, हळू जा.’ मीही बरेच दिवस हाच उपाय धरून बसलो होतो. पण आता तो मला पुरेसा वाटत नाही. रात्री साडेदहाला तापलेलं पोर कडेवर घेऊन दारात उभ्या असलेल्या माणसाला ‘हळू जा’ सांगून मी काय दिलं असतं? तो जाणारच होता. धोका तोच राहिला असता, फक्त माझ्या खांद्यावरून त्याच्या खांद्यावर गेला असता. पुढे काही घडलं असतं तर ‘मी सांगितलं होतं’ म्हणायला मी मोकळा. बऱ्याच सूचना, बऱ्याच पाट्या अशाच असतात. त्या समोरच्याला वाचवत नाहीत, लावणाऱ्याला वाचवतात.

सांगण्याबरोबर अजून काहीतरी द्यायला हवं होतं. वेशीजवळ पिकअपवाले काका राहतात, त्यांना उठवता आलं असतं. पाचेकशे रुपये लागले असते, ते मी देऊ शकलो असतो. हे मला त्याच वेळी सुचलं होतं की नंतर, ते नक्की सांगता येत नाही. माझी शंका आहे की सुचलं होतं, आणि ‘मराठवाडा इंजिनिअरिंग’ लिहून आठ तास झाले नव्हते म्हणून मी ते बाजूला सारलं.

जुगाडाला शिव्या देण्यात मला रस नाही. जालन्याच्या एमआयडीसीत भंगार वितळवून सळई होते आणि त्या सळईवर लोकांची घरं उभी राहतात. पण त्या सळईवर छाप असतो. भट्टी न पाहिलेल्या, त्या घरात झोपणाऱ्या माणसासाठी तो छाप असतो. माझ्या पट्टीवर कसलाच छाप नव्हता, फक्त माझा शब्द होता. आणि दादाने तोच मागितला होता.

भाऊबीज झाल्यावर गाडी अंबडला नेली. मेकॅनिकने गेलेल्या भोकात मोठ्या मापाचे आटे पाडले, जाड बोल्ट बसवला. पट्टीकडे पाहून विचारलं, “हे कोणी बसवलं?” मी गप्प. “राहू द्या, बरं बसलंय,” म्हणाला आणि तशीच ठेवली. दीडशे रुपये झाले.

संध्याकाळी दादाकडे गेलो आणि सगळं सांगितलं. बोल्ट, फोटो, सगळं. तो सुपारी कातरत होता. मान वर न करता म्हणाला, “म्हाईत व्हतं मला. नाल्याच्या वळणाला ब्रेक मारला तवाच हँडल खाली गेलं. मंग परत येईपर्यंत दुसऱ्यातच आणली.”

“मग आल्यावर बोलला का नाहीस?”

“दुसऱ्याची गाडी. नावं ठेवली तर पुन्हा मागायची कशी?”

यावर मला काही बोलता आलं नाही. वहिनी आतून चहा घेऊन आली. पोरगं माझ्या बुटाची लेस सोडत बसलं होतं.

त्यानंतर दोनदा त्याने गाडी नेली तेव्हा मी घरी होतो. चावी घेतली की तो पुढचा ब्रेक दाबून धरतो, दोन्ही मुठींवर भार टाकतो, हँडल हलतं का बघतो. माझ्यासमोरच बघतो, आणि मग किक मारतो.