करडाचा वाटा

शेळीला सड दोनच. आमच्याकडच्या उस्मानाबादी शेळ्या पुष्कळदा जुळी देतात. एकेका करडाला एकेक सड. मग माणसाचा वाटा कुठला? आजी म्हणायची, "आधी करडं पिऊ द्या, उरलं तर आपलं."

आता पचायला हलकं म्हणून शहरातली माणसंही शेळीचं दूध शोधतात. त्यात वावगं काही नाही. गांधीजींनी दूध सोडलं होतं. १९१८ च्या दुखण्यानं खंगल्यावर कस्तुरबांच्या सांगण्यावरून शेळीचं घेतलं. व्रतातले शब्द राहिले, आत्मा गेला, अशी कबुली त्यांनीच दिली. गरज खरी होती, तरी टोचणी त्यांनी झाकली नाही.

दूध अंगाला मानवतं का, हे जरूर बघावं. पण धार काढणारा हात कुठं थांबला, तेही विचारावं.